प्लॉट नंबर बावीसमधल्या आजी

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. नाशकातून दिंडोरीच्या बाजूला निघालात की द्राक्षबागा संपायच्या आत लागतं, एवढं पुरे. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथं ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. पूर्वी लोक बागा लावायचे, आता लेआउट टाकतात. मी नगररचना विभागात आरेखक आहे, म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेघा सरळ काढून देते. त्यातल्या बऱ्याच रेघा मुळातच वाकड्या असतात असं माझं मत आहे, पण ते अजून कोणी विचारलेलं नाही.

विभाग म्हणजे तरी काय, मी आणि खलील कोकणी. ते आमचे रचना सहायक. शिपायापासून मुख्याधिकारी मॅडमपर्यंत सगळे त्यांना खलीलभाईच म्हणतात. जुन्या नाशकातून रोज स्कूटरवर येतात, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत रुमाल. कोणाला आपल्या शेताचे प्लॉट पाडून विकायचे असले की तो नकाशा घेऊन आमच्याकडे येतो. रस्ते पुरेसे रुंद आहेत का, मुलांना खेळायला खुली जागा सोडलीय का, पाणी कुठून वाहून जाणार, हे सगळं खलीलभाई तपासतात. त्याला छाननी म्हणतात. त्यांनी शेरा लिहिला की फाइल पुढं सरकते.

आता छाननी कोणीही करतं. पट्टी घ्यायची, मापं बघायची, नियमाशी ताडायची, संपलं. खलीलभाईंचं तसं नव्हतं. मी नवीन होते तेव्हा पाहिलं, हा माणूस नकाशावर पेन्सिलीचं टोक टेकवून पुटपुटतोय, "ही निघाली दूध आणायला. गेट उघडलं. आता डावीकडे. अरे, इथं तर गटार!" मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण मी जात्याच चौकस. शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते कळल्याशिवाय मला माझा डबा गोड लागत नाही. चार दिवस कसेबसे गप्प राहिले आणि पाचव्या दिवशी विचारलंच, "खलीलभाई, ही दूध आणायला कोण निघालीय?"

"प्लॉट नंबर सातमधली," ते म्हणाले, जणू मी तिला ओळखायलाच हवं होतं.

मग कळलं. जमीन अजून उघडी असते, वीटही पडलेली नसते, आणि खलीलभाई प्रत्येक प्लॉटवर एकेक कुटुंब राहायला आणतात. तीन नंबरवर सातपूरच्या कंपनीत जाणारं नवराबायकोचं जोडपं, त्याची रात्रपाळी, तिची दिवसपाळी. अकरा नंबरला दातांचा डॉक्टर, बाहेर पेशंटच्या गाड्या. कोपऱ्यावर कुत्रा पाळणारे, त्यांचं कोणाशीच पटत नाही. मग या सगळ्यांचा दिवस ते नकाशावर चालवून बघायचे. गॅसची गाडी वळते का? पोरं शाळेची बस कुठं पकडतील? लग्नाचा मांडव कुठं पडेल? आणि सगळ्यात शेवटी, गल्लीतलं माणूस गेलं तर खांदेकऱ्यांना वळायला जागा आहे का, हेही बघायचे.

ही सवय कुठून लागली ते त्यांच्या बायकोनं, बिलकिसभाभींनी मला सांगितलं. खलीलभाईंची आई आजारी पडली तेव्हा त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्यात स्ट्रेचर वळेना. शेवटी खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. तो जिना मंजूर करणाऱ्यानं सगळी मापं बरोबर तपासली होती. "तेव्हापासून यांच्या डोक्यात भाडेकरू भरलेत," भाभी म्हणाल्या. "घरात आम्ही दोघं, पण हे जेवताना चाळीस जणांची काळजी करतात."

ऑफिसात त्यांची थट्टा व्हायची. अतिक्रमण पथकातला अश्विन मुद्दाम दारात थांबून विचारायचा, "काय खलीलभाई, डॉक्टरांकडं आज गर्दी?" मीही हसायचे. पण हळूहळू मलाही नाद लागला. कुत्रेवाल्यांचं शेवटी कोणाशी पटलं, याची मला खरोखर उत्सुकता असायची.

रविराजचा लेआउट आला तो असा मध्येच. रविराज गावातलाच, वडिलांची मोठी द्राक्षबाग होती. वडील गेले, बाग म्हातारी झाली, यानं ती तोडून प्लॉट पाडायचे ठरवले. त्यात वावगं काही नाही, सगळेच पाडतात. आम्ही स्थळपाहणीला गेलो तेव्हा त्याच्या आर्किटेक्टनं आम्हाला गाडीतून फिरवलं. बागेचे लोखंडी अँगल उपटून ढीग घातले होते, जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. विहिरीच्या बाजूला झाडोऱ्यात काही पत्रे दिसत होते. "मजुरांचं शेड आहे, काढायचंय," आर्किटेक्ट म्हणाला आणि गाडी वळवली. खलीलभाई तोवर फक्कीच्या रेघांकडे बघत होते. बावीस नंबरवर कोण राहील याचा विचार चालला असणार.

बावीस नंबरवर एक आजी राहायला आल्या. गुडघ्यांनी अधू, स्वभावानं गोड, सकाळी कोवळ्या उन्हात बसायची सवय. पण नकाशात खुली जागा होती मुख्य रस्त्याच्या पलीकडे. आजी तो रस्ता ओलांडणार कशा? खलीलभाई दोन दिवस बेचैन होते. खुली जागा अलीकडे आणा, असा शेरा लिहायचा त्यांनी ठरवलं. शेरा योग्यच होता. फक्त लिहिताना 'वृद्ध रहिवाशांना' असं लिहायचं ते हातून निसटलं, आणि फाइलवर शाईत उमटलं: 'प्लॉट क्र. २२ मधील आजींना खुल्या जागेत जाण्यासाठी मुख्य रस्ता ओलांडावा लागत असल्याने...'

त्यावर सह्या झाल्या. कोणी वाचलं नाही, सह्या करताना वाचायची पद्धत नाही. फाइल वरच्या कार्यालयात गेली. तिथं मात्र कोणीतरी नवीन, वाचणारा माणूस बसला असावा. पत्र आलं: 'सदर आजी कोण? लेआउट मंजूर नसताना त्यांचे भूखंडावर वास्तव्य कसे? नाव व पत्त्यासह तात्काळ खुलासा करावा. प्रत: अतिक्रमण पथक, आवश्यक कार्यवाहीसाठी.'

मी ते मोठ्यानं वाचलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. शिपायानं चहा आणला, त्यालाही सांगितलं, तोही हसला. खलीलभाईंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बेटा, उद्या खुलासा लिहू. आजींना सांगू, तोवर सामान बांधू नका."

उद्या उजाडला आणि अश्विन दारात. मान ताठ, हातात पंचनामा.

"सापडली तुमची आजी," तो म्हणाला.

मग तो सांगत सुटला. पत्र मिळाल्याबरोबर पथक गेलं होतं. एरवी तक्रार करून लोकांच्या चपला झिजतात तरी हे जात नाहीत, पण त्या दिवशी गाडी रिकामी होती म्हणे. विहिरीजवळच्या पत्र्यांमागे मातीच्या दोन खोल्या निघाल्या. दारात एक म्हातारी तांदूळ निवडत होती. यांनी विचारलं, प्लॉट बावीसमधल्या आजी तुम्हीच का? ती म्हणाली, "बाविसाचं ठाव नाय, पन आजी इथली मीच हाय." यांनी घर मोजलं, चिमणाबाई असं नाव लिहिलं, सात दिवसांत बांधकाम काढून घ्यावं अशी नोटीस दिली आणि अंगठा घेऊन आले.

खलीलभाईंचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. ज्या माणसानं चाळीस काल्पनिक घरांची गटारं तपासली, त्याला तिथलं एकुलतं एक खरं घर दिसलं नव्हतं. मलाही नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी अश्विनवरच ओरडले.

आम्ही तशाच उन्हात स्कूटरवर निघालो. पत्र्यांच्या मागं गेलो तर सारवलेलं अंगण, भोपळ्याचा वेल, दोन कोंबड्या. चिमणाबाई बाहेर आली. हडकुळी, ताठ, डोळे मात्र लुकलुकते. आम्ही ऑफिसातले म्हटल्यावर तिचा चेहरा असा फुलला की मला काही कळेना.

"या, या, बसा. च्या ठिवते," ती म्हणाली. "लय उपकार झाले तुमचे. येवढी वर्सं गेली, पन घराचा कागुद झाला एकदाचा."

आत देव्हारा होता. त्यात देवांच्या शेजारी ती नोटीस उभी केलेली, वर हळदकुंकू, समोर एक फूल. साहेब लोकांनी येऊन घर मोजलं, नाव विचारलं, गावाच्या शिक्क्याचा कागद दिला, म्हणजे घर नावावर लागलं, असं तिनं धरलं होतं. तिचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. कुणाचंही घर मोजायला लोक येतात ते कशासाठी?

मी खलीलभाईंकडे बघितलं नाही. सांगायचं त्यांनाच होतं, आणि त्यांनी सांगितलं. खाली मांडी घालून बसून, सावकाश, एकही गोष्ट न लपवता. आपण बसल्या बसल्या एक आजी मनानं रचली, ती चुकून फाइलवर गेली, तिला शोधायला माणसं आली आणि त्यांना तुम्ही सापडलात, आणि हा कागद घराचा नाही, घर पाडायचा आहे, इथपर्यंत सगळं.

चिमणाबाईनं नोटिशीकडे पाहिलं. फूल उचललं आणि देवाच्या पायावर ठेवलं. नोटीस तशीच राहिली. मग ती म्हणाली, "आन मी जाऊ कुठं?"

तिची हकीकत लांबलचक नव्हती. पेठ तालुक्याच्या बाजूनं ती आणि तिचा नवरा गेणू छाटणीच्या कामाला इथं आले, ते राहिले. गेणूनं ही विहीर खणली. रविराजचे वडील म्हणाले, चिमणे, तू इथंच राहा, तुला कोणी उठवणार नाही. शब्द होता, कागद नव्हता. गेणू गेला, मालक गेले. एक मुलगी आहे, दिंडोरीला, एका खोलीत सहा माणसं. बागही तोडली, तेव्हा तिला वाटलं रवी येऊन काहीतरी सांगेल. तो आला नाही. फक्कीच्या रेघा ओढणारे आले, त्यांना तिनं पाणी दिलं.

खलीलभाई म्हणाले, "मावशी, आता दोन रस्ते आहेत. वरून मला विचारलंय, ही आजी कोण. मी लिहिलं की आजी कोणी नव्हतीच, तर नोटीस रद्द होते."

"मंग लिवा की."

"पण मग कागदावर इथं कोणीच राहत नाही. लेआउट मंजूर होईल, आणि तुमच्या घरावरून त्यांचा रस्ता जातो. तेव्हा नोटीस-बिटीस काही येणार नाही, सरळ जेसीबी येईल."

"आन दुसरा?"

"दुसरा म्हणजे, आजी आहे, तिचं नाव चिमणाबाई, ती इथं नगरपरिषद व्हायच्या आधीपासून राहते, असं लिहायचं. मग सुनावणी होईल. तुम्हाला ऑफिसात यावं लागेल, रविराज समोर असेल. हे खरं ठरलं तर घर नकाशात घ्यावं लागेल त्यांना. नाही ठरलं तर सात दिवसांत घर जाईल. मी खोटी आशा लावणार नाही, मावशी. तुमच्याकडे कागद नाही."

कोंबडी आत आली, तिला चिमणाबाईनं हाकललं. मग म्हणाली, "म्हंजी नोटिशीतनं वाचायचं तर मी नायच असं लिवायचं?"

खलीलभाईंनी होकारार्थी मान हलवली.

"नाय, नाय. माजं नाव लिवा," ती म्हणाली. "आन गेणूचं बी लिवा. इहीर त्यानं खांदलीय."

खुलासा खलीलभाईंनी स्वतः लिहिला. मी म्हटलं, जरा मोघम लिहा, निवृत्ती जवळ आलीय तुमची. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत खाली मान घालून रेघा काढायला लागले. त्यांनी लिहिलं: प्लॉट बावीसमधील आजी ही माझी कल्पना होती. चिमणाबाई गेणू भोये ही वस्तुस्थिती आहे. ती पाहण्यात मी कसूर केली.

सुनावणीला मुख्याधिकारी आभा मॅडमच्या खोलीत पंखाही चालू नव्हता, वीज गेली होती. एका बाजूला रविराज आणि त्याचा आर्किटेक्ट, दुसऱ्या बाजूला धुवट नऊवारीतली चिमणाबाई. खुर्चीवर बसायला ती तयार होईना. आर्किटेक्टनं सुरुवात केली, ते तात्पुरतं शेड आहे, बाई हंगामी मजूर आहे, वगैरे. रविराज मोबाइलकडे बघत होता. त्याच्या मोबाइलची स्क्रीन काळीच होती, मला दिसत होतं.

"रवी," चिमणाबाई मध्येच म्हणाली, "लय वाळला रं. जेवत नाय का?"

आर्किटेक्ट थांबला. आभा मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि रविराजला सरळ विचारलं, "तुम्ही सांगा. या बाई इथं कधीपासून राहतात?"

खलीलभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, दुवा मागत असावेत. मी कोणत्या देवाला काय बोलले ते आता आठवत नाही. रविराजनं 'यंदापासून' एवढं म्हटलं असतं तरी संपलं असतं. कोणी ते खोडून काढू शकलं नसतं.

"मॅडम," तो म्हणाला, आणि घसा खाकरला, "मला कळायला लागलं तेव्हापासून आहेत. द्राक्षांचा सीझन आला की आई-वडील मालाबरोबर जायचे. मी यांच्याकडंच जेवायचो. तिथंच झोपायचो."

मॅडमनी ते लिहून घेतलं. रविराजनं खाली सही केली आणि कोणाकडेही न बघता बाहेर गेला. आपल्याच माणसाला तोंड दाखवता येत नाही म्हणून तो इतके महिने बागेकडे फिरकला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. तोवर माझ्या त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घालून झाल्या होत्या.

नोटीस मागं घेतली गेली. नवीन नकाशा आला. रस्ता विहिरीपाशी वळला, काही प्लॉट कमी झाले, खुली जागा अलीकडे आली. रविराज भेटला की अजून माझ्याकडे असा बघतो, जणू तो रस्ता मीच हातानं वाकवलाय. चिमणाबाईच्या नावावर काही झालं नाही, तो वेगळा लढा आहे. पण तिचं घर नकाशात आलं, आणि नकाशात आलेलं घर पाडायला आता कारण द्यावं लागतं. खलीलभाईंना ज्ञापन मिळालं, यापुढे शेऱ्यांत काल्पनिक व्यक्तींचा उल्लेख टाळावा. बिलकिसभाभींना त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की भाजी करपली.

परवा आम्ही सुधारित नकाशा घेऊन पुन्हा पाहणीला गेलो. या वेळी गाडी नाही, पायी. मापं घेऊन झाल्यावर चिमणाबाईच्या अंगणात टेकलो. तिनं नकाशा बघायला मागितला, तिचं घर आम्ही तिला दाखवलं. छोटासा चौकोन. तिनं त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "साह्यब, ती तुमची पैली आजी, तिचं सांगा ना."

"तिचं काय सांगायचं, मावशी? ती नव्हतीच."

"तरी पन. कोन कोन होतं तिला?"

खलीलभाई जरा लाजले. मग सांगायला लागले. मुलगा होता, शिक्षक. सून होती. नातू तनय, नात इरा.

"सून बोलती का तिच्याशी?"

"बोलते. भांडतेही, पण बोलते."

"आन नातवंडं?"

"आजीच्याच खोलीत झोपतात. गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाहीत."

"गुडघं दुखत्यात म्हनले व्हते तुमी."

"दुखतात. पोरगा रात्री तेल लावून देतो."

चिमणाबाई हनुवटीला हात लावून ऐकत होती. एखाद्या पाहुणीची खबरबात विचारावी तसं तिनं सगळं विचारून घेतलं, आजी काय खातात, सणाला काय करतात, मुलगी माहेराला येते का. मी नेहमीप्रमाणे चौकसपणानं ऐकत होते आणि मध्येच माझी नजर दारातून आत गेली. तिच्या त्या दोन खोल्यांत दुसऱ्या माणसाचं अंथरूणसुद्धा नव्हतं.

"चांगलं हाय तिचं," ती शेवटी म्हणाली. मग नकाशाकडे पाहत, आवाज खाली करून, "साह्यब, तिला नका काढू यातनं. ऱ्हाऊ द्या शेजारी. मला तेवढीच सोबत."

खलीलभाईंनी नकाशा तिच्याजवळ सरकवला, तिचं बोट हातात घेतलं आणि बावीस नंबर कुठला ते तिला दाखवलं.